धातूतल्या रिकाम्या जागा आणि त्यात शिरणारा हायड्रोजन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हायड्रोजनमुळे पोलाद ठिसूळ होतं, हे प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर जस्तासारखा थर चढवायच्या, धंद्यातल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. पण तो आत जाऊन नेमकं काय करतो, असं विचारलं की बोलणं अडखळतं. मी धातुशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो. विद्यार्थी, प्लेटिंगवाले आणि बोल्ट पुरवणारे मला हेच प्रश्न फिरून फिरून विचारतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली. आपण सगळे हायड्रोजन मोजत बसतो, आणि तो ज्या रिकाम्या जागा मागे ठेवून जातो त्यांच्याकडे लक्षच देत नाही. माझी खरी तळमळ त्याबद्दल आहे.

धातूत "रिकामी जागा" म्हणजे काय? भेग किंवा छिद्र का?

नाही. फळवाल्याने हातगाडीवर संत्र्यांची रास रचलेली असते ना, तशी धातूत अणूंची रचना असते. त्या राशीतलं मधलं एकच संत्रं नाहीसं झालं आणि बाकीची आपापल्या जागी तशीच राहिली, तर जी पोकळी उरेल ती रिकामी जागा. पुस्तकात तिला रिक्तिका म्हणतात. ती एका अणूएवढी असते. साध्या सूक्ष्मदर्शकातून ती दिसत नाही, अल्ट्रासोनिक तपासणीत सापडत नाही आणि एक्स-रे फिल्मवरही उमटत नाही.

हा दोष आहे का? चांगल्या पोलादात तो नसायला हवा ना?

प्रत्येक धातूत रिकाम्या जागा असतातच, कारण निसर्गालाच थोडी अव्यवस्था हवी असते. अणू उचलून पृष्ठभागावर ठेवायला ऊर्जा लागते, पण त्यामुळे एन्ट्रॉपी, म्हणजे ती अव्यवस्था, वाढते. या दोन्हींचा मेळ जिथे बसतो तेवढ्या जागा कोणत्याही तापमानाला असतात. तापमान वाढलं की त्या झपाट्याने वाढतात.

अ‍ॅल्युमिनियमचा आकडा खात्रीने सांगता येतो. १९६० मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात सिमन्स आणि बॅलुफी यांनी अ‍ॅल्युमिनियमची कांडी तापवत दोन मापं एकाच वेळी घेतली. कांडीची लांबी किती वाढली आणि आतल्या अणूंमधलं अंतर किती वाढलं, ही ती मापं. अंतर वाढल्याने जेवढी लांबी वाढायला हवी होती, त्यापेक्षा कांडी किंचित जास्त वाढली. ती जादा वाढ रिकाम्या जागांची. आतून अणू निघून पृष्ठभागावर आले होते. वितळायच्या उंबरठ्यावर, म्हणजे ६६० अंश सेल्सिअसच्या जवळ, दर दहा हजार जागांमागे सुमारे नऊ रिकाम्या निघाल्या. मला हा प्रयोग अजूनही फार देखणा वाटतो. एक फूटपट्टी बाहेरून, एक आतून, आणि दोघींच्या फरकात उत्तर.

फटीत बसणारे अणू कोणते?

हायड्रोजन, कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन. हेलियमही, पण त्याची गोष्ट वेगळी आहे, खाली येईलच. हे अणू इतके लहान आहेत की धातूच्या अणूची जागा न घेता ते मधल्या फटीत शिरतात. राशीतल्या संत्र्यांच्या मधे वाटाणे टाकावेत तसे.

यांत हायड्रोजन सर्वांत चपळ. शुद्ध लोखंडात खोलीच्या तापमानाला तो एका सेकंदात साधारण एक दशांश मिलिमीटर सरकू शकतो. घन धातूच्या मानाने हा वेग थक्क करणारा आहे. त्याच तापमानाला कार्बनला एका फटीतून शेजारच्या फटीत जायलाच सेकंद लागतो. पोलादात हायड्रोजन याहून बराच हळू जातो, कारण वाटेत अडकायच्या जागा पुष्कळ असतात. त्यातलीच एक म्हणजे रिकामी जागा.

हायड्रोजनला रिकाम्या जागेत जायला का आवडतं?

कारण लोखंडाच्या फटीत तो खूश नसतो. तिथे त्याच्याभोवती इलेक्ट्रॉनांची गर्दी गरजेपेक्षा जास्त असते. साध्या दाबाच्या वायूतून, खोलीच्या तापमानाला, शुद्ध लोखंडात जेमतेम दहा कोटी अणूंमागे काही मोजके हायड्रोजन शिरतात, ते याच नाराजीमुळे. रिकाम्या जागेजवळ ही गर्दी विरळ होते आणि त्याला मानवेल एवढी घनता मिळते.

म्हणूनच तो रिकाम्या जागेच्या बरोबर मध्यभागी बसत नाही. मध्यभागी इलेक्ट्रॉन फारच विरळ असतात. लोखंडातली रिकामी जागा एका घनाच्या मधोमध आहे असं समजा. हायड्रोजन त्या घनाच्या सहा भिंतींपैकी एकीला टेकून, किंचित आत सरकून बसतो. मोठ्या रिकाम्या खोलीत माणूस मधोमध न बसता भिंतीला पाठ टेकून बसतो, तसा.

एका रिकाम्या जागेत किती हायड्रोजन मावतात?

लोखंडात सहा भिंती, म्हणून सहापर्यंत. पण सगळ्यांना सारखी पकड मिळत नाही. पहिल्या दोघांची बंधनऊर्जा, म्हणजे पकडीची ताकद, प्रत्येकी सुमारे ०.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजायचं एकक) असते, पुढच्यांची ०.४ च्या आसपास. त्यामुळे साध्या परिस्थितीत दोन हायड्रोजन घेऊन बसलेली रिकामी जागा हा लोखंडातला नेहमीचा प्रकार आहे. अ‍ॅल्युमिनियम आणि टंगस्टनच्या संगणकीय गणितांत हा आकडा बारापर्यंत गेला आहे, पण तो निरपेक्ष शून्य तापमानाचा. खोलीच्या तापमानाला टंगस्टनमध्येही सहाच्या आसपास.

आत दोन हायड्रोजन भेटले की वायूचा रेणू होत नाही का?

एकट्या रिकाम्या जागेत नाही. तिथेही इलेक्ट्रॉन इतके आहेत की हायड्रोजनला शेजारच्या हायड्रोजनपेक्षा भिंतीतल्या धातूशी जोडलेलं राहणं परवडतं. बऱ्याच रिकाम्या जागा एकत्र येऊन खरी पोकळी झाली की मग तिच्या आत रेणू तयार होतात आणि दाब वाढतो. ॲसिडात जास्त वेळ राहिलेल्या मऊ पत्र्यावर फोड येतात, ते या वायूच्या दाबाने.

हायड्रोजन असलेल्याच जागांत जाऊन बसतो, की नव्या जागा तयारही करतो?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून सावकाश बघू.

शेअर रिक्षा आठवा. स्टँडवरून एकट्याने जायचं तर पूर्ण भाडं एकट्याच्या माथी, आणि माणूस चालत जाणं पसंत करतो. तीन-चार सिटं भरली की तेच भाडं वाटलं जातं आणि रिक्षा निघते. निकेलमध्ये एक रिकामी जागा तयार करायचं भाडं सुमारे १.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. तिच्याभोवती हायड्रोजनला बसायला सहा ठिकाणं आहेत. तिथे बसणाऱ्या प्रत्येक हायड्रोजनची ऊर्जा ०.३ इलेक्ट्रॉनव्होल्टने जरी उतरली, तरी सहा गुणिले ०.३ म्हणजे १.८. भाडं वसूल!

ही गोष्ट गणितात नीट मांडली जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठाच्या राइनर किर्शहाइम यांनी, २००७ च्या सुमारास. त्यांचा धागा साबणाचा आहे. साबण पाण्याच्या पृष्ठभागावर जमतो आणि नवा पृष्ठभाग तयार करायचा खर्च कमी करतो, म्हणून फेस सहज होतो. तसाच हायड्रोजन धातूतल्या दोषांवर जमतो आणि नवा दोष तयार करायचा खर्च कमी करतो, मग तो दोष रिकामी जागा असो, डिसलोकेशन (अणूंच्या ओळींतली सरकणारी विसंगती) असो की ग्रेन बाउंड्री (धातूतल्या दोन स्फटिककणांमधली, म्हणजे ग्रेनमधली, सीमा). "हायड्रोजन दोषात अडकतो" हे वाक्य आपण वर्षानुवर्षं घोकलं. त्याची दुसरी बाजू, "म्हणून तो दोष स्वस्त होतो", वर्गात सांगायची राहून जाते.

एक अट मात्र आहे. रिक्षात बसायला सिटं स्टँडवर हजर हवीत. धातूत हायड्रोजन फारच तुरळक असेल तर सहा जण एका ठिकाणी जमायची शक्यता नगण्य, आणि भाडं काही वाटलं जात नाही.

मग सिटं खच्चून भरली तर काय होतं? कुणी करून पाहिलंय का?

जपानमध्ये, तोक्योच्या चुओ विद्यापीठातल्या युह फुकाई यांनी. १९९३-९४ मध्ये त्यांनी आणि ओकुमा यांनी निकेल आणि पॅलेडियमवर सुमारे ५ गिगापास्कल हायड्रोजनचा दाब दिला. हा दाब वातावरणाच्या दाबाच्या जवळपास पन्नास हजार पट आहे. वर ७०० ते ८०० अंशांचं तापमान. एक्स-रेने आतलं अणूंमधलं अंतर ते सतत मोजत होते.

हायड्रोजन शिरला की धातू फुगतो, ही अपेक्षा. तसा तो आधी फुगलाही. पण तापमान तसंच ठेवलं तेव्हा काही तासांत अणूंची जाळी आकसू लागली. दाब तोच, तापमान तेच, हायड्रोजन आहेच, आणि तरी आकसतेय! अर्थ एकच निघत होता. अणू आपापल्या जागा सोडून पृष्ठभागाकडे निघाले होते आणि मागे रिकाम्या जागा साचत होत्या. थंड करून नमुना बाहेर काढला, हायड्रोजन हाकलला, तरी त्या जागा आत तशाच राहिल्या. पॅलेडियममध्ये त्यांचं प्रमाण १८ टक्क्यांपर्यंत भरलं.

वितळायला टेकलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये दहा हजारांत नऊ. इथे शंभरात अठरा. या जागा वाटेल तशा विखुरलेल्याही नव्हत्या. घनाच्या कोपऱ्यावर रिकामी, तोंडांवर भरलेल्या, अशा शिस्तीत त्या बसल्या होत्या. इंग्रजी लेखांत याला जे लांबलचक नाव आहे त्याला मी वर्गात "अतिमुबलक रिकाम्या जागा" म्हणतो.

म्हणजे आमच्या झिंक प्लेटिंगच्या बोल्टमध्येही पाचात एक जागा रिकामी होते?

मुळीच नाही, आणि हा गैरसमज मी स्वतः बराच काळ उराशी धरला होता. कागदावर हिशेब केला तेव्हा तो गेला. तोच इथे करू.

लोखंडात रिकामी जागा करायला सुमारे २ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. खोलीच्या तापमानाला उष्णतेकडे अणूमागे खर्चायला असतात ०.०२६. भागाकार ७७ च्या घरात येतो, आणि तो घातांकात उणे चिन्हाने बसतो. उत्तर इतकं लहान निघतं की समतोलात, म्हणजे वर सांगितलेला ऊर्जा आणि एन्ट्रॉपीचा मेळ बसल्यावर, एक रिकामी जागा सापडायला सुमारे चार लाख टन लोखंड लागेल. एन्ट्रॉपीची भर धरली तर हजारो टन म्हणा. आता दर दहा लाख लोखंडी अणूंमागे एक हायड्रोजन टाका. पहिल्या दोघांची ०.६ ची पकड धरली, तर प्रत्येकामुळे रिकाम्या जागा साधारण दहा हजार पट वाढतात, दोघांमुळे दहा कोटी पट. गुणाकार केवढा थोरला! आणि निष्पन्न काय, तर चार लाख टनांऐवजी चार किलोत एक रिकामी जागा. बोल्ट त्याने तुटत नाही.

म्हणजे नुसत्या समतोलाच्या जोरावर पोलादात रिकाम्या जागांचा पूर येत नाही. फुकाईंच्या भट्टीत तो आला, कारण तिथे हायड्रोजन प्रचंड होता आणि अणूंना हलायला पुरेशी उष्णता होती.

मग पोलादात रिकाम्या जागा येतात कुठून?

ताणातून. धातू वाकवला, ओढला, थ्रेड रोल केला की आत डिसलोकेशन सरकतात, एकमेकांना कापतात, ओढत नेतात, आणि त्या झटापटीत रिकाम्या जागा तयार होतात. त्यांना समतोलाची परवानगी लागत नाही, कारण ऊर्जा तुम्ही बाहेरून दिलेली असते. एरवी त्या फार टिकत नाहीत. शुद्ध लोखंडात रिकामी जागा खोलीच्या तापमानालाही सरकते आणि ग्रेन बाउंड्रीला किंवा डिसलोकेशनला मिळून नाहीशी होते.

इथे हायड्रोजन आडवा येतो. ताजी रिकामी जागा दिसली की तो तिच्यात जाऊन बसतो. भरलेली जागा सहज सरकत नाही, म्हणून ती मिटायच्या ठिकाणी पोचत नाही. एकीकडे तयार होणं चालूच, दुसरीकडे मिटणं थांबलं. शिल्लक वाढत जाते, त्या एकमेकींना चिकटून गठ्ठे करतात, आणि बारीक पोकळ्यांची सुरुवात तिथे होते.

याला पुरावा काय?

मला सगळ्यात पटणारा प्रयोग ताकाई, नागुमो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २००८ चा. मिचिहिको नागुमो हे तोक्योच्या वासेदा विद्यापीठातले, आणि ताणाने होणाऱ्या रिकाम्या जागा हायड्रोजन वाढवतो ही कल्पना त्यांनी चिकाटीने लावून धरली.

त्यांनी लोखंडाचे आणि इन्कोनेल ६२५ या निकेलच्या मिश्रधातूचे नमुने घेतले. हायड्रोजन सोडत सोडत नमुना ओढला, पण तुटेपर्यंत नाही, मध्येच थांबले. भार काढला. आता काही नमुन्यांतून खोलीच्या तापमानाच्या आसपास ठेवून हायड्रोजन निघून जाऊ दिला. मग पुन्हा ओढले, यावेळी हायड्रोजनशिवाय. ज्याच्यावर आरोप आहे तो हजरच नाही, तेव्हा नमुना निरोगी वागायला हवा. तो तसा वागला नाही. हायड्रोजन नसतानाही तो लवकर तुटला.

दुसऱ्या नमुन्यांना मधल्या विश्रांतीत २०० अंशांना तापवलं. या तापमानाला रिकाम्या जागा मिटतात, पण डिसलोकेशन बहुतांशी तसेच राहतात. हे नमुने पुन्हा ओढले तेव्हा त्यांची लवचीकता परत आली होती.

नुकसान हायड्रोजनच्या हजेरीत नव्हतं, त्याने मागे ठेवलेल्या जागांत होतं. हा प्रयोग वाचला त्या दिवशी मी आमच्या लॅबच्या फळ्यावर लिहिलं होतं: "हायड्रोजन किती आहे हे विचारू नका, तो असताना काय झालं ते विचारा." ते वाक्य बरेच दिवस कुणी पुसलं नाही.

बोल्ट कसताना तुटत नाही, दोन दिवसांनी तुटतो. असं का?

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एका कारखान्यात शनिवारी संध्याकाळी १२.९ ग्रेडचे, म्हणजे खूप जास्त ताकदीचे, झिंक केलेले बोल्ट टॉर्क देऊन बसवले. सगळे तपासणीत पास. सोमवारी सकाळी मशीनखाली तीन बोल्टची डोकी तुटून पडलेली होती. मी एक उचलून भिंगाखाली धरलं. तुटलेला भाग खडीसाखरेच्या खड्यासारखा चमचमत होता. प्रत्येक ग्रेनचं तोंड सुटं झालेलं, ताणून लांबल्याची खूण कुठेच नाही. ज्याने बोल्ट कसले त्या मुलाला सगळे बोलत होते, आणि त्याचा काडीचाही दोष नव्हता. टॉर्क बरोबरच होता.

उशीर लागतो तो हायड्रोजनच्या वाटचालीला. ताणलेल्या भागात, विशेषतः थ्रेडच्या मुळाशी आणि डोक्याखालच्या वळणावर, जाळी किंचित पसरलेली असते. हायड्रोजन हळूहळू तिकडे सरकतो. एका मर्यादेपलीकडे जमला की भेग पडते, थोडी पुढे जाते, थांबते, पुन्हा हायड्रोजन गोळा होतो, पुन्हा पुढे.

जगाला माहीत असलेलं उदाहरण सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड बे ब्रिजचं. मार्च २०१३ मध्ये तिथे गॅल्व्हनाइझ केलेल्या, जास्त ताकदीच्या ९६ जाड रॉडना ताण दिला, आणि काही दिवसांत त्यातले ३२ तुटले. २००८ साली तयार झालेले हे रॉड पुलाच्या खांबात बसवल्यावर पाणी साचलेल्या भोकांत राहिले होते. जास्त कडक पोलाद, पाणी, जस्त आणि मोठा ताण असा सगळा योग तिथे जुळून आला होता.

प्लेटिंगनंतर ओव्हनमध्ये बेकिंग केलं की सगळं ठीक होतं ना?

वेळेत केलं तर बहुतेक वेळा, हो. साधारण पद्धत अशी: १००० मेगापास्कलपेक्षा जास्त ताकदीचं पोलाद असेल तर प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत ओव्हनमध्ये, १९० ते २२० अंशांना, कित्येक तास. ताकद जितकी जास्त तितके तास जास्त. झिंकचा थर हायड्रोजनला बाहेर पडू देत नाही, म्हणून दोन तासांत उरकायचा मोह आवरावा.

आता "चार तासांच्या आत" या शब्दांकडे बघा. पुष्कळ जण विचारतात, दुसऱ्या दिवशी जास्त वेळ बेक केलं तर काय बिघडलं, हायड्रोजन तेवढाच निघेल की! हायड्रोजन निघेल. पण मधल्या वेळात आतल्या शिल्लक ताणाने केसाएवढी भेग पडली असेल तर ती ओव्हन बुजवत नाही. तापवल्याने एकेकट्या रिकाम्या जागा मिटतात, भेग मिटत नाही. बेकिंगचं तापमान हायड्रोजन बाहेर काढण्यासाठी ठरलं. ताकाई-नागुमोंच्या प्रयोगातलं २०० अंशांचं तापमान त्याच पट्ट्यात येतं हा योगायोग मला नेहमी विचारात पाडतो. कदाचित आपण इतकी वर्षं ओव्हनमध्ये दोन कामं करत आलो आहोत आणि एकाचंच नाव घेत आलो आहोत.

रजिस्टरमध्ये प्लेटिंग संपल्याची वेळ आणि ओव्हनमध्ये घातल्याची वेळ, दोन्ही लिहा. एवढी एक सवय लावा.

कार्बन आणि नायट्रोजनही असंच करतात का?

ते रिकाम्या जागांना धरून ठेवतात, पण स्वभाव निराळा. लोखंडातली रिकामी जागा आणि कार्बन यांच्यात अर्ध्या इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास ओढ आहे, आणि दुसरा कार्बन आला की दोघं आपसातही बंध जोडतात. अशी जागा खोलीच्या तापमानाला जागची हलत नाही. अणुभट्टीतल्या पोलादाचा अभ्यास करताना याचा फार उपद्रव होतो. शुद्ध लोखंडाचे आकडे आणि प्रत्यक्ष पोलादाचे आकडे जुळत नाहीत, कारण दहा लाखांत काही कार्बन अणूसुद्धा रिकाम्या जागांची चाल बदलून टाकतात.

ऑक्सिजनची ओढ त्याहूनही मोठी, दीड इलेक्ट्रॉनव्होल्टच्या जवळ. यिट्रियमचे ऑक्साइड मिसळलेलं जे खास पोलाद अणुभट्ट्यांसाठी करतात, त्यात ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण कसे तयार होतात याचं एक स्पष्टीकरण ऑक्सिजन आणि रिकाम्या जागेच्या या जोडीवर उभं आहे.

आणि हेलियम?

हेलियम कुणाशी बंध जोडत नाही. म्हणून त्याला धातूत कुठेच थारा नसतो, आणि रिकामी जागा दिसली की तो जीव घेऊन तिच्यात शिरतो. लोखंडात ही पकड २ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर जाते. हायड्रोजन तापवून निघतो, हेलियम जवळजवळ निघत नाही. तो साचतो, बुडबुडे करतो, पोलाद सुजवतो.

फ्यूजन भट्टीत, म्हणजे हलके अणू जोडून ऊर्जा मिळवणाऱ्या यंत्रात, हे दोघं एकत्र भेटतात. फ्रान्समध्ये कादाराश येथे इटर नावाची अशी भट्टी उभी राहते आहे, भारत तिच्या सात भागीदारांपैकी एक आहे. तिच्या तळाशी टंगस्टनचं अस्तर असेल. न्यूट्रॉनच्या माऱ्याने टंगस्टनमध्ये रिकाम्या जागा पडतात आणि इंधनातला ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचाच किरणोत्सारी भाऊ, त्यात अडकून बसतो. पहिल्या अणूची पकड तिथे १.२ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरात. दुर्मीळ इंधन भिंतीत मुरतं, हा एक तोटा. शिवाय हायड्रोजनच्या हजेरीत मारा केला तर रिकाम्या जागा जास्त टिकून राहतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. पोलादात ताणाने जे घडतं, तेच इथे माऱ्याने.

एका अणूएवढी पोकळी शोधतात कशी?

पॉझिट्रॉनने, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या धन भाराच्या जुळ्या भावाने. किरणोत्सारी सोडियम-२२ मधून पॉझिट्रॉन बाहेर पडतो तेव्हा जवळपास त्याच क्षणी १.२७ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण निघतो. ती सुरुवातीची घंटा. पॉझिट्रॉन धातूत शिरतो, भटकतो, आणि एखाद्या इलेक्ट्रॉनला भेटून दोघंही नष्ट होतात. ५११ हजार इलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन किरण निघतात. ती शेवटची घंटा. दोन घंटांमधला वेळ मोजायचा. निर्दोष लोखंडात तो सुमारे ११० पिकोसेकंद (एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग). रिकामी जागा सापडली तर पॉझिट्रॉन तिच्यात विसावतो, तिथे इलेक्ट्रॉन कमी म्हणून जास्त जगतो, सुमारे १७५ पिकोसेकंद. त्याच जागेत हायड्रोजन बसलेला असेल तर आयुष्य पुन्हा घटतं. म्हणजे जागा आहे की नाही हेच नव्हे, ती भरलेली आहे की मोकळी याचाही माग लागतो. मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आणि तमिळनाडूत कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात या तंत्रावर काम चालतं.

ठिसूळपणाचं कारण रिकाम्या जागाच, यावर सगळ्यांचं एकमत आहे का?

नाही. एक मत म्हणतं की हायड्रोजन अणूंमधला बंधच कमजोर करतो. दुसरं म्हणतं की तो डिसलोकेशनची चाल सोपी करतो आणि ताण एकाच ठिकाणी एकवटतो. हे मत बीचम यांनी १९७२ मध्ये मांडलं. रिकाम्या जागांचं मत तिसरं. खडीसाखरेसारखा तुटलेला कडक बोल्ट पाहताना मला पहिलं मत जास्त लागू वाटतं, मऊ लोखंड आणि निकेलच्या मिश्रधातूंत तिसरं. एकाच पोलादात तिन्ही गोष्टी एकमेकींना हात देत असतील, असं आज बरेच जण मानतात. मीही.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत यातलं काही दाखवता येईल का?

येईल, आणि जरूर दाखवा. १८७५ साली जॉन्सन नावाच्या इंग्रज गृहस्थांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे याच निरीक्षणांचा निबंध ठेवला होता. त्यासाठी त्यांना ना सिंक्रोट्रॉन लागला ना पॉझिट्रॉन.

स्प्रिंगची कडक तार घ्या, पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडात काही तास ठेवा. खिडक्या उघड्या हव्यात, जवळ ज्योत नको, हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय कुणी पुढे यायचं नाही. तार बाहेर काढून पाण्याने धुवा आणि पक्कडीने वाकवा. न बुडवलेली तार जिथे वळते, तिथे ही कटकन तुटते. तुटलेलं टोक लगेच ओलं करून भिंगाखाली धरा. त्यातून बारीक बुडबुडे येताना दिसतील. तोच आत शिरलेला हायड्रोजन.

त्याच वेळी बुडवलेली दुसरी तार धुऊन, पुसून कपाटात ठेवून द्या. आठवड्याने तीच मुलं बोलवा आणि वाकवून बघा. ती बऱ्याच अंशी पुन्हा वळेल. मग एक तिसरी तार द्या, जी ॲसिडातून काढल्याबरोबर थोडी वाकवून, तशीच वाकलेली आठवडाभर ठेवली होती. दुसरी आणि तिसरी तार मुलांच्या हातात देऊन विचारा की हायड्रोजन तर दोन्हींतून निघून गेला, मग या दोघी सारख्या वागतात का.